मामीचा एचसिल रिपोर्ट आणि पिशवी काढायची घाई

शनिवारी रात्री साडेनऊला मामाचा फोन. म्हणे सोमवारी मामीचं पिशवीचं ऑपरेशन आहे, तू लॅबमध्ये असतेस ना, रक्ताची बाटली लागली तर कुठून मिळेल तेवढं विचारून ठेव. मी म्हटलं कसलं ऑपरेशन, काय झालंय मामीला? तर म्हणे काही नाही गं, कॅन्सरचं निघालंय, पण डॉक्टर म्हणाले पिशवी काढली की विषय संपला. हे त्याने गावचं तिकीट काढल्याच्या सुरात सांगितलं, मागे टीव्ही चालू होता. मी म्हटलं रिपोर्टचा फोटो पाठव. दोन मिनिटांत पीडीएफ आली, आणि ती वाचून मी रिक्षा पकडून काळाचौकीला गेले.

आधी माझं सांगते. मी परळला एका लॅबमध्ये सायटोलॉजीला आहे, सोळा वर्षं झाली. पॅप स्मिअरच्या, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडावरून खरवडलेल्या पेशींच्या, स्लाइड येतात त्या आधी आम्ही बघतो, संशयास्पद पेशींवर पेनाने ठिपका देतो, मग पॅथॉलॉजिस्ट मॅडम बघतात आणि सही करतात. मी डॉक्टर नाही. पण एवढ्या वर्षांत स्लाइडवरची बाई मला कधी दिसलेली नव्हती, फक्त नंबर आणि वय. पहिल्यांदाच नंबराच्या मागे माणूस घरातलं निघालं, म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतेय. मामीला विचारून लिहितेय, ती म्हणाली नाव टाकू नको, बाकी काय लिहायचं ते लिही.

तर मामी तेव्हा ४६ वर्षांची, मार्च-एप्रिल २०२४ ची गोष्ट. दोन मुलं, थोरला कॉलेजात, धाकटी नववीत. घरूनच पोळीभाजीचे डबे देते, पहाटे साडेचारला उठते. कसलाही त्रास नाही. पाळी वेळेवर, मध्येच रक्त जाणं नाही, संबंधानंतर रक्त जाणं नाही, काही नाही. महिला दिनाला मंडळाच्या हॉलमध्ये फुकट तपासणीचं शिबिर होतं, शेजारच्या काकूंनी ओढून नेलं म्हणून गेली. तीन आठवड्यांनी मुलाच्या मोबाईलवर रिपोर्ट आला, सगळं इंग्रजीत, खाली एका ओळीत एचसिल (HSIL, पेशींत मोठा बिघाड असल्याचा संशय) आणि त्याखाली कॉल्पोस्कोपी करून घ्या असा सल्ला. मुलाने गुगल केलं. गुगलने काय सांगितलं असेल ते तुम्हाला माहीत आहे. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी जवळच्याच एका नर्सिंग होममध्ये गेले. तिथे सोनोग्राफी झाली, त्यात दोन सेंटीमीटरची एक गाठ निघाली, फायब्रॉइड, तीही त्रास न देणारी. आणि सल्ला मिळाला की मुलं झालीयत, पिशवीचं आता काम काय, काढून टाका, कटकट मिटेल. मेडिक्लेममध्ये बसतंय का बघितलं, बसत होतं, सोमवारची तारीख. रिपोर्टच्या खालच्या ओळीत जे कॉल्पोस्कोपी लिहिलं होतं त्याचं काय, हे कुणी विचारलंच नाही, कारण घरात त्या शब्दाचा अर्थ कुणाला ठाऊक नव्हता आणि तिथे कुणी सांगितला नाही.

मी गेले तेव्हा मामी भांडी घासत होती. मला बघून म्हणाली, "बाय, तू कशाला इतक्या रात्री आलीस गो, मी अजून जिवंत आसंय." मग पदराने हात पुसले आणि रडली.

एचसिल म्हणजे कॅन्सर नाही, हे पहिलं वाक्य मी बोलले. ते तिला पटलं नाही, पटण्यासारखं नव्हतंही, कारण मग ऑपरेशन कशाला? म्हणून मी वहीच्या पानावर काढून दाखवलं. गर्भपिशवीच्या तोंडाला दोन तऱ्हेची कातडी भेटते, बाहेरची जाड, अनेक थरांची आणि आतली एका थराची, आणि जिथे दोन्ही भेटतात तो पट्टा सतत बदलत असतो. एचपीव्ही नावाचा विषाणू नेमका त्या पट्ट्यात शिरतो. बहुतेक वेळा शरीरच त्याला वर्ष-दोन वर्षांत हुसकून लावतं. काही बायकांत तो ठाण मांडून बसतो, आणि त्यातल्या काहींमध्ये वर्षानुवर्षांनी पेशी बिघडायला लागतात, आधी खालचे थर, मग वरचे. सगळे थर बिघडले तरी जोवर त्या पेशी खालचा पडदा फोडून आत घुसत नाहीत तोवर तो कॅन्सर नसतो. पॅप स्मिअरमध्ये आपण काय करतो, वरून खरवडून पेशी काढतो. म्हणजे भिंतीचा पोपडा बघून आतली वीट कितपत सडलीय त्याचा अंदाज. अंदाजच. एचसिल म्हणजे अंदाज वाईट आहे, आता भिंत उकरून बघा. ते उकरून बघणं म्हणजे कॉल्पोस्कोपी, भिंगातून जवळून बघणं, आणि बायोप्सी, छोटा तुकडा काढून तपासणं.

स्लाइडवर ते कसं दिसतं तेही सांगते, हे मला इतर कुणापेक्षा जास्त माहीत आहे. चांगली पेशी मोठी, चपटी, फिक्या निळ्या-हिरव्या नाहीतर गुलाबी रंगाची, मधोमध छोटासा केंद्रक. एचसिलची पेशी लहान असते आणि जवळजवळ सगळी जागा केंद्रकानेच खाल्लेली, रंग गडद, कडा वेड्यावाकड्या. सोळा वर्षांनी ती नजरेला टोचतेच. याउलट एस्कस. एस्कस म्हणजे केंद्रक नेहमीच्या अडीच-तीन पट मोठा झालाय, पण सूज आहे म्हणून की खरंच काही आहे ते ठरवता येत नाही. नावातच तसं आहे, 'महत्त्व काय ते सांगता येत नाही'. ही सगळी नावं बेथेस्डा पद्धतीची, अमेरिकेतल्या बेथेस्डाला १९८८ साली बैठक होऊन ठरलेली. त्याआधी प्रत्येक लॅबची आपापली भाषा होती, वाचणाऱ्या डॉक्टरचा गोंधळ व्हायचा. आता भाषा एकच झालीय पण पेशंटला ती कुणी मराठीत सांगत नाही, तो गोंधळ आहे तिथेच आहे.

एस्कसचं मुद्दाम सांगितलं कारण मामीचं कपाट.

मी विचारलं, आधी कधी केलेलं का हे? नाही म्हणाली. मग मामा म्हणाला अगं ते अंगावरून पांढरं जायचं तेव्हा नाही का. तासभर शोधाशोध करून साड्यांच्या खालून एक फाईल निघाली. नोव्हेंबर २०१९. सूज आहे, एस्कस आहे, एचपीव्ही टेस्ट करा किंवा वर्षभराने परत स्मिअर करा, असं स्वच्छ लिहिलेलं. तेव्हा तिला खाज आणि पांढरं जाणं होतं, डॉक्टरांनी आत ठेवायच्या गोळ्या दिल्या, आठवड्यात बरं वाटलं. बरं वाटलं म्हटल्यावर रिपोर्टचं कुणाला काय पडलंय. एचपीव्ही टेस्टचा खर्च ऐकून नंतर बघू म्हणाली, आणि मग मार्च २०२० आला, लॉकडाऊन, मामाची ड्यूटी, डबे बंद, गावाला सासूबाई आजारी. साडेचार वर्षं ते कागद पैठणीखाली पडून होते. अंगावर काढलं असंही म्हणता येत नाही, कारण अंगाला काही होतच नव्हतं. अंगावर काढायलाही आधी काहीतरी दुखावं लागतं, इथे काहीच दुखत नाही, तीच तर अडचण.

मला त्या फाईलचा राग आला आणि लगेच लाजही वाटली. आम्ही एस्कस रिपोर्ट टाईप करतो आणि पुढची स्लाइड घेतो. ती बाई परत येते का, हे आम्हाला कधी कळत नाही. स्लाइड नीट बनली असेल तर आम्ही नीट बघतो, साध्या स्मिअरमध्ये निदान ८ ते १२ हजार पेशी दिसल्या पाहिजेत असा नियम आहे, काढल्याबरोबर अल्कोहोलमध्ये बुडवली नाही तर पेशी वाळून फुगतात आणि सगळंच संशयास्पद दिसतं. एवढी काळजी घेऊनही एकट्या स्मिअरची नजर तशी कच्चीच, खऱ्या बिघाडातलाही बराच हिस्सा एका स्मिअरमध्ये निसटतो. एचपीव्ही टेस्ट त्यामानाने खूपच कमी चुकते. २०१९ ला ती केली असती तर? पॉझिटिव्ह आली असती तर तेव्हाच कॉल्पोस्कोपी, निगेटिव्ह आली असती तर निवांत. आता त्यावर बोलून उपयोग नव्हता, मी बोललेही नाही. मामीच म्हणाली, "म्हणजे तेव्हाच कळलं असतं." मी म्हटलं, कदाचित.

आता ऑपरेशनचं. मामाचा मुद्दा सरळ होता, की जे काही आहे ते पिशवीत आहे, पिशवी काढली की गेलं. ऐकायला बरोबर वाटतं. पण बघा, एचसिल रिपोर्टमागे दोनच शक्यता धरू. एक, बिघाड वरवरच आहे. मग तारेच्या छोट्या लूपने पिशवीच्या तोंडाचा थोडासा भाग काढला की काम होतं, त्यासाठी पोट उघडायची किंवा अख्खी पिशवी काढायची गरज नाही, फायब्रॉइड त्रास देत नसेल तर तोही कारण नाही. दोन, आत खरंच कॅन्सर घुसलेला आहे. मग साधी पिशवी काढणं हे बहुतेक वेळा चुकीचं ऑपरेशन आहे, कारण अगदी सुरुवातीचा कॅन्सर सोडला तर त्याला लागतं मोठं ऑपरेशन, आजूबाजूचा भाग आणि लिम्फच्या गाठींसकट, नाहीतर किमो आणि रेडिएशन. आणि ते न बघता साधी पिशवी काढून बसलो तर नंतरचा उपचार अवघड होऊन बसतो. म्हणजे पहिली शक्यता खरी असेल तर ऑपरेशन जास्तीचं, दुसरी खरी असेल तर बहुतेक वेळा अपुरं. दोन्हीकडून तोटा, आणि कुठली खरी ते सांगणारी तपासणी मध्ये गाळलेली. शिवाय पिशवी काढली की सुटलो हेही खोटं, असा बिघाड असलेल्या बाईला पिशवी काढल्यावरही योनीच्या वरच्या टोकाचे नमुने वर्षानुवर्षं द्यावे लागतात.

मामा गप्प झाला. मग म्हणाला, पण डॉक्टर काय वेडे आहेत का. नाहीत. खरं सांगायचं तर मला त्यांचं डोकंही कळतं. बाई रिपोर्ट घेऊन जाते आणि परत येत नाही, हे त्यांनी शेकड्याने पाहिलेलं असतं. मग विचार असा, की हातात आहे तोवर एकदाच काय ते करून टाकू. आमच्या मामीनेच २०१९ ला तसंच केलेलं. पण तरी. कॉल्पोस्कोपीला पंधरा मिनिटं लागतात आणि भूल लागत नाही, ती मुंबईत मिळते, मग ती का सांगू नये?

सोमवारचं रद्द केलं. मुलाने फोन केला, तिकडून म्हणे उशीर झाला तर जबाबदारी तुमची. तो शब्द मामाच्या डोक्यात पुढचे दोन महिने राहिला.

त्याच आठवड्यात परळच्या एका सरकारी हॉस्पिटलात सकाळी सातला केसपेपरच्या रांगेत उभे राहिलो. मी रजा टाकली होती. बाकावर शेजारी विरारहून आलेली एक बाई होती, तिला सहा महिने रक्त जात होतं, तिला वाटलं पाळी जाताना असंच होतं. तिचं काय झालं माहीत नाही, मामी अजून विचारते. भारतात २०२२ साली गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या सव्वा लाखाहून जास्त नव्या केस आणि जवळपास ८० हजार मृत्यू धरलेत, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयातल्या १०० बायकांमध्ये दोघींचीसुद्धा कधी तपासणी झालेली नव्हती, १.९ टक्के. त्या बाकावर बसलं की हे आकडे राहत नाहीत, साड्या आणि पिशव्या होतात.

कॉल्पोस्कोपीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, भरभर बोलणाऱ्या पण समजावून सांगणाऱ्या. त्या म्हणाल्या आता व्हिनेगर लावणार, थोडं चुरचुरेल. मामी म्हणाली, "व्हिनेगर? चायनीजवाल्याकडे असता ता?" तेच. अॅसिटिक अॅसिड, ३ ते ५ टक्के. ते लावलं की बिघडलेला भाग मिनिटभरात पांढरा पडतो. मग आयोडीन लावतात, चांगली कातडी चॉकलेटी होते, बिघडलेली पिवळीच राहते. मामीला स्क्रीनवर दाखवलं, पिशवीच्या तोंडाच्या वरच्या ओठावर घट्ट पांढरा चट्टा, कडा ठळक, घड्याळाच्या अकरा ते एकपर्यंत. पट्ट्याची पूर्ण हद्द दिसत होती ही त्यातली चांगली गोष्ट, या वयात तो पट्टा आत सरकायला लागतो आणि मग दिसत नाही. दोन ठिकाणचे मोहरीएवढे तुकडे घेतले, आतल्या नळीतूनही खरवडून घेतलं. मामी म्हणाली पाळीत पोटात कळ येते तशी आली, गेली.

या व्हिनेगरवरून एक सांगायचं राहील म्हणून इथेच सांगते. टाटा मेमोरियलच्या लोकांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये दीड लाख बायकांचा अभ्यास केला, ३५ ते ६४ वयाच्या. अर्ध्यांना दर दोन वर्षांनी व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, आणि तपासणाऱ्या कोण, तर वस्तीतल्याच दहावी पास बायका, थोडं ट्रेनिंग दिलेल्या. १२ वर्षांनी त्या गटात या कॅन्सरने मरणाऱ्या बायका ३१ टक्क्यांनी कमी. २०१३ मध्ये हे जाहीर झालं. तिकडे उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताचं धाराशिव, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या मदतीने वेगळा अभ्यास झाला, त्यात आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही टेस्टने मृत्यू जवळपास निम्मे झाले. जगभरच्या मार्गदर्शक सूचना ज्या अभ्यासांवर उभ्या आहेत त्यातले दोन आपल्या मातीतले, आणि आपल्याच बायकांना कॉल्पोस्कोपी शब्द ठाऊक नाही.

दहा दिवसांनी बायोप्सी आली. सीआयएन ३. आतल्या नळीत काही नाही. घुसखोरी नाही.

जीव भांड्यात पडला म्हणायचा तर अर्धाच. सीआयएन ३ म्हणजे जवळजवळ सगळे थर बिघडलेले, कॅन्सरच्या आधीची शेवटची पायरी. मामाने सरळ विचारलं, काही केलं नाही तर किती धोका? याचं उत्तर आपल्याला माहीत आहे ते फार वाईट कारणामुळे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या एका हॉस्पिटलात १९६० च्या दशकापासून काही बायकांना हा बिघाड असूनही पुरते उपचार दिले नाहीत, नुसतं लक्ष ठेवलं, त्यांना न सांगता. पुढे १९८७ साली सरकारी चौकशी बसली. नंतर नोंदी तपासल्या तर उपचार न मिळालेल्यांपैकी ३० वर्षांत ३१ टक्क्यांना कॅन्सर झाला होता, नीट उपचार झालेल्यांत एक टक्क्याहून कमी. म्हणजे उद्या सकाळी होणार असंही नाही, आणि सोडून द्यावं असंही नाही. काही आठवडे थांबता येतं, काही वर्षं नाही.

आणि नेमकी इथेच मामी अडली. मे महिना. गावाला जायचं. आंबे, सासूबाईंचं वर्षश्राद्ध, घराची कौलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या महिनाभर चालेल, पण तारीख आत्ताच घेऊन जा, ७ जून. मी खरं सांगते मला धाकधूक होती. मेच्या शेवटी गावावरून फोन आला की इथे पाऊस सुरू होईल, पेरणीचं बघायला माणूस नाही, गणपतीनंतर करू की. मी काही बोलायच्या आत मामाच मागून ओरडला, की साडेचार वर्षं साडीखाली ठेवलंस आता गणपतीच्या पाटाखाली ठेवतेस काय. ५ जूनला परत आले.

आता जे बोलायला सगळ्यात जड गेलं ते. लूपच्या आधी रक्ततपासणीत एचआयव्हीची टेस्ट लिहिली होती, ती सगळ्यांनाच लिहितात, कारण एचआयव्ही असेल तर हा धोका कितीतरी पट वाढतो आणि पुढची तपासणी वेगळी असते. पण मामीला ते लागलं. आणि तोवर तिला कुठूनतरी कळलं होतं की एचपीव्ही संबंधातून येतो. रात्री भांडी आवरताना हळू आवाजात मला म्हणाली, "मी तर कधी... मग ह्यांनी का?" मामा बाहेर ओट्यावर बसला होता. मी काय सांगणार. मी खरं ते सांगितलं. हा विषाणू इतका सर्रास आहे की संबंध येणाऱ्या बहुतेक बाई-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी लागतोच, एकच जोडीदार असला तरी लागतो. तो लागल्यावर वर्षानुवर्षं गपचूप राहू शकतो, कधी लागला ते कुठलीच टेस्ट सांगू शकत नाही, पंचवीस वर्षांपूर्वी लग्नाच्या वेळचा असू शकतो. कुणाकडून आला हे काढायचा रस्ताच नाही, त्यामुळे तो प्रश्न विचारून घरात फक्त भांडण येईल, उत्तर येणार नाही. तिने बराच वेळ काही म्हटलं नाही. मग विचारलं, "आणि पोरीला?" तिथे मला उत्तर होतं, ते पुढे सांगते.

मामाला मी वेगळं बोलले. तो म्हणाला मला पण टेस्ट करायची का. पुरुषांसाठी अशी नेहमीची एचपीव्ही टेस्ट नाही. सिगरेट सोड म्हटलं, तुझीही आणि तिच्या नाकात जाते तीही, धूर यात भर घालतो. सोडली नाहीये. कमी केली म्हणतो.

७ जूनला लूप झालं. पिशवीच्या तोंडाला इंजेक्शनने बधिर करतात, मग तारेतून करंट देऊन तो चट्टा चमच्यासारखा कापून काढतात, वीसेक मिनिटं. मामीला दुखण्यापेक्षा जळका वास लक्षात राहिला, "पोळी तव्यावर इसरल्यासारखो." त्याच दिवशी घरी. चार आठवडे जड उचलायचं नाही, संबंध नाहीत. जड उचलायचं नाही म्हणजे तिच्यासाठी वीस किलोची कणीक नाही, डबे बंद, तेवढ्या दिवसांचं उत्पन्न गेलं, हा खर्च कुठल्या मेडिक्लेममध्ये बसत नाही.

चौथ्या रात्री फोन. काळं काळं जातंय, कॉफीच्या चोथ्यासारखं. सगळे घाबरलेले. ती रक्त थांबवायला लावलेली पेस्ट होती, मॉन्सेलची, ती अशीच काळपट होऊन पडते. हे आधी सांगायला हवं होतं, तिथल्या कुणी नाही तर मी तरी. लालभडक रक्त, पाळीपेक्षा जास्त, किंवा ताप आणि घाण वास आला तर लगेच जायचं, नुसतं काळपट पाणी चालतं.

मग तुकड्याचा रिपोर्ट. सीआयएन ३, घुसखोरी नाही, पण बाहेरच्या कडेला एका ठिकाणी बिघाड कडेपर्यंत पोचलेला. मामाने ते वाचलं आणि म्हणाला बघ, मी म्हणत होतो पिशवीच काढायला हवी होती. त्याचं चुकलं असं मला लगेच म्हणता आलं नाही, मी मॅडमना विचारलं, डॉक्टरीणबाईंना विचारलं. कड पॉझिटिव्ह म्हणजे उरलंच आहे असं नाही, करंटने कापताना कडेची कातडी भाजते, नंतर भरून येताना शरीर उरलेलं बऱ्याचदा साफ करतं. परत कापणं हाही एक पर्याय असतो, आतली कड पॉझिटिव्ह असती तर त्यांनी तो जास्त गंभीरपणे घेतला असता. मामीची आतली कड स्वच्छ. म्हणून सहा महिन्यांनी एचपीव्ही टेस्ट आणि कॉल्पोस्कोपी, आणि मग ठरवू.

ते सहा महिने लांब होते. मधल्या काळात धाकटीचं केलं. ती नोव्हेंबरला पंधरा पूर्ण करणार होती. पंधराच्या आत पहिला डोस घेतला तर दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने, त्यानंतर तीन. जुलैत पहिला दिला, पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅक, २०२३ पासून बाजारात आहे, १६ आणि १८ नंबरच्या एचपीव्हीसकट चार जातींवर. हे १६ आणि १८ मिळून ७० टक्क्यांच्या आसपास कॅन्सर घडवतात. पोरगी म्हणाली आईला पण द्या ना. लस आधीच बसलेल्या विषाणूला काढत नाही, बिघडलेल्या पेशी सुधारत नाही. आणि लस घेतली म्हणून पुढे तिशीनंतरची तपासणी चुकत नाही हेही तिला सांगून ठेवलंय, लक्षात राहील की नाही देव जाणे.

डिसेंबर २०२४. एचपीव्ही निगेटिव्ह, कॉल्पोस्कोपी स्वच्छ. मामीने डबे केव्हाच सुरू केले होते, त्या दिवशी सगळ्या डब्यांत शिरा घातला, कारण विचारलं तर म्हणे पौर्णिमा आहे. पौर्णिमा नव्हती. पुढचं वेळापत्रक असं, की वर्षभराने परत, ओळीने तीन निगेटिव्ह आल्या की दर तीन वर्षांनी, आणि हे सगळं उपचारापासून निदान २५ वर्षं, कारण एकदा असा बिघाड झालेल्या बाईचा धोका बाकीच्यांपेक्षा बराच काळ जास्त राहतो. मामीने हिशेब केला, ७१. म्हणाली, "एकाहत्तर वर्सां जगाकच होयां मगे, डॉक्टराची ऑर्डर आसा." डिसेंबर २०२५ ची पण निगेटिव्ह आली.

लॅबमध्ये मी एक बदल केला, फार मोठा नाही. एचसिल किंवा एस्कस गेला की नंबर एका वहीत लिहिते आणि दोन महिन्यांनी रिसेप्शनकडून पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन जातो, पेशंट आली होती का. मॅडम आधी नको म्हणाल्या, हे आपलं काम नाही. निम्म्यांचं उत्तर माहीत नाही असंच येतं.

गेल्या आठवड्यात मामीचा फोन आला. शिबिराला तिला ओढून नेणाऱ्या त्याच काकू, त्यांनी स्वतः तेव्हा केलीच नव्हती, आता मामीने त्यांना ओढून नेलं. रिपोर्टवर लिहिलंय अनसॅटिस्फॅक्टरी, काकू खूश, म्हणजे काही सापडलं नाही ना? मी म्हटलं नाही गं, म्हणजे बघताच आलं नाही, पेशी कमी असतील नाहीतर रक्ताने झाकल्या असतील, दोन ते चार महिन्यांत परत द्यायला सांग, पाळीच्या दिवसांत नको आणि आधी दोन दिवस आत औषध, संबंध काही नको. मामीने फोन बाजूला न करताच खिडकीतून ओरडून हे सगळं काकूंना सांगितलं, शेवटच्या शब्दासकट, आणि चाळीतल्या तीन खिडक्या उघडल्याचा आवाज मला फोनवर आला.